‘घरात कोणी नाही’ असे म्हणू नका

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. आम्ही दुपारी बाजारात गेलो होतो, मुलांचे अब्बू कामावर आणि मुले खालाकडे. घरी फक्त अम्मी होत्या. सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. दार वाजले. बाहेर पोलीस शिपाई, हातात घडी घातलेला कागद.

“मावशी, टीचर घरी आहेत का?”

अम्मींनी अर्धे दार उघडून सांगितले, “घरात कोणी नाही.”

“मग तुम्ही घ्या हा कागद आणि इथे सही करा.”

“मर्द माणूस घरी नाही. संध्याकाळी या.”

शिपाई निघून गेला. आम्ही पिशव्या घेऊन जिना चढेपर्यंत तिन्ही मजल्यांना खबर लागली होती की टीचरच्या घरी पोलीस येऊन गेले. कुणी विचारले नाही, पण सगळ्यांनी पाहिले. अम्मी त्या रात्री जेवल्या नाहीत. “बेटा, तू काय केलंस?” एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

आम्ही काहीच केले नव्हते. दोन दिवसांनी तोच शिपाई पुन्हा आला तेव्हा कागद हातात पडला. ते न्यायालयाचे समन्स होते आणि त्यात आमच्या नावापुढे ‘साक्षीदार’ असे लिहिले होते. शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन अमुक तारखेला सकाळी ११ वाजता हजर राहावे, असा आदेश होता. म्हणजे जिच्यामुळे अम्मींची झोप उडाली ती आरोपाची चिठ्ठी नव्हती. न्यायालयाला आमच्याकडून एक माहिती हवी होती, इतकेच.

या एका कागदाने आम्हाला बरेच शिकवले. ते आपल्या वाचक भगिनींना आणि बंधूंना सांगावे म्हणून हा लेख.

समन्स म्हणजे काय

समन्स म्हणजे न्यायालयाचे बोलावणे. ते चार कारणांनी येऊ शकते. आपण काही पाहिले किंवा आपल्याला काही माहीत आहे, म्हणून साक्षीदार म्हणून. आपल्या ताब्यात एखादा दस्तऐवज आहे, म्हणून तो घेऊन येण्यासाठी. आपल्यावर कुणी दिवाणी दावा लावला आहे, म्हणून प्रतिवादी म्हणून. आणि आपल्याविरुद्ध फौजदारी तक्रार आहे, म्हणून आरोपी म्हणून. चौथ्या प्रकारातसुद्धा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. आपली बाजू मांडायला या, एवढाच त्याचा अर्थ.

वकिलाची नोटीस वेगळी. ती समोरच्या पक्षाच्या वकिलाकडून येते, न्यायालयाकडून नाही. पोलिसांची नोटीस आणखी वेगळी. ती तपासासाठी असते. आणि वॉरंट म्हणजे अटकेचा हुकूम. समन्स मिळूनही माणूस येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा वॉरंटाची पाळी येते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा क्रम स्पष्ट केला आहे. तक्रारीवरून चालणाऱ्या खटल्यात आधी समन्स, ते टाळले जात आहे असे दिसले तर जामीनपात्र वॉरंट, आणि तरीही माणूस आला नाही तर अजामीनपात्र वॉरंट. या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर आपण जागे झालो तर पुढच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

दार उघडणारी स्त्री

अम्मी ‘घरात कोणी नाही’ म्हणाल्या, तेव्हा त्या स्वतः घरात होत्या. आपल्या घरांमध्ये हे वाक्य इतके सवयीचे आहे की त्यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. पण दोष एकट्या अम्मींचा नाही. जुना कायदाही असेच मानत होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असे होते की ज्याच्या नावे समन्स आहे तो सापडला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान पुरुषाकडे ते द्यावे. आई, बायको, बहीण घरात असली तरी कायद्याच्या दृष्टीने घरात कोणी नव्हते!

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ६६ मधून ‘पुरुष’ हा शब्द गेला. आता कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येते. दिवाणी दाव्यांत तर ही सोय १९७६ च्या दुरुस्तीपासूनच आहे. घरकामाला येणारी बाई किंवा नोकर मात्र कुटुंबातील व्यक्ती धरली जात नाही.

याचा अर्थ असा की दुपारी दोन वाजता ज्या अम्मी, चाची किंवा भाभी दार उघडतात, त्यांच्या हातात दिलेला कागद घरच्या माणसाला मिळाला असे धरले जाऊ शकते. म्हणून तो कसा घ्यायचा हे त्यांना माहीत असायलाच हवे. सही करण्याची भीती वाटते. ‘कशावर सही घेतली कोण जाणे’ असे वाटते. म्हणून आधी वाचावे, वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बोलवावे. पोच म्हणून केलेल्या सहीचा अर्थ ‘कागद मिळाला’ एवढाच असतो. त्याने गुन्हा कबूल होत नाही आणि कर्जही मान्य होत नाही. सहीखाली तारीख आणि वेळ लिहावी. आणणाऱ्याचे नाव, पोलीस ठाणे आणि बक्कल नंबर विचारून मागच्या बाजूला टिपून ठेवावा. दिवाणी न्यायालयाचा बेलीफ असेल तर त्याचेही नाव लिहावे. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

कागद कसा वाचावा

आम्ही शाळेत मुलांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे शोधायला शिकवतो. समन्सही तसेच वाचावे. पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, कोणत्या न्यायालयाचे? मुंबईच्या उपनगरांत फौजदारी दंडाधिकारी न्यायालये वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी आणि मुलुंड येथे आहेत. दिंडोशीला नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आपण घाटकोपरला राहतो म्हणून तारीख घाटकोपरला असेल असे नाही. कागदावरचा पत्ता आणि खोलीचा क्रमांक पाहावा.

दुसरा, आपण कोण म्हणून? साक्षीदार, प्रतिवादी की आरोपी?

तिसरा, प्रकरण कोणते? प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष, दोन्ही पक्षांची नावे आणि कायद्याचे कलम त्यात असते. नवीन प्रकरणांना १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांकही असतो.

चौथा, तारीख आणि वेळ कोणती, आणि काय घेऊन यायचे आहे?

पाचवा, सोबत काय जोडले आहे? दिवाणी समन्सासोबत दाव्याची प्रत असायला हवी आणि खासगी तक्रारीवरून निघालेल्या समन्सासोबत तक्रारीची. ती नसेल तर पहिल्याच तारखेला मागून घ्यावी.

दिवाणी दाव्यात आणखी एक गोष्ट कॅलेंडरवर लाल पेनाने लिहावी. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. न्यायालय सबळ कारणासाठी ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. घराच्या, भाड्याच्या, वारशाच्या भांडणांत ‘बघू पुढच्या तारखेला’ म्हणत दिवस घालवणारे लोक इथेच फसतात. प्रतिवादी आलाच नाही तर दावा एकतर्फी चालतो आणि निकाल लागतो. तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यालाही साधारण ३० दिवसांचीच मुदत आहे आणि न येण्याचे खरे कारण दाखवावे लागते. पोटगीच्या अर्जातही नवरा मुद्दाम समन्स टाळतो आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर त्याच्या गैरहजेरीत प्रकरण पुढे चालवता येते.

‘घेतलेच नाही’ म्हणून सुटका होत नाही

आमच्या एका विद्यार्थ्याच्या अब्बूंचा शिलाईचा छोटा कारखाना होता. कापडाच्या उधारीपोटी त्यांनी व्यापाऱ्याला चेक दिला. सीझन मंदा गेला, चेक वटला नाही. व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली, ती त्यांनी परत पाठवली. अशी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर चेकचा खटला उभाच राहत नाही, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मग समन्स आले. पोस्टमनला त्यांनी सांगितले, “घेत नाही, असे लिहा.” मोहल्ल्यातल्या कुणा जाणत्याने त्यांना पटवून दिले होते की कागद हातात घेतला नाही तर केस लागू होत नाही.

कायदा अगदी उलट सांगतो. चेकच्या खटल्यात समन्स स्पीड पोस्टाने किंवा कुरियरने पाठवता येते आणि घेण्यास नकार दिल्याचा शेरा आला, तर ते मिळाले असे न्यायालय जाहीर करू शकते. दिवाणी दाव्यातही नकाराचा अर्थ तोच. घराला कुलूप असेल तर दारावर चिकटवूनही बजावणी होते. एक दिवस फजरच्या सुमाराला त्यांच्या दारात वॉरंट घेऊन पोलीस उभे राहिले. दोन लहान मुली रडत होत्या, बायको बुरखा शोधत होती. त्या दिवशी ते न्यायालयात हजर झाले, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, बंधपत्र भरले आणि संध्याकाळी घरी आले. पुढे लोकअदालतीत हप्त्यांवर तडजोड झाली. हीच तडजोड पहिल्या तारखेला झाली असती. चेकच्या खटल्यात सुरुवातीलाच समेट केला तर वेगळा भुर्दंड पडत नाही, उशीर होत जाईल तसा तो वाढतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे.

समन्स चुकवण्यासाठी लपणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि बोलावूनही न जाणे हाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ प्रमाणे न्यायालयात हजर राहण्याचा आदेश जाणूनबुजून मोडला तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

उपनगरांत सध्या आणखी एक अडचण आहे. इमारत पुनर्विकासाला गेली की माणसे दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात किंवा संक्रमण शिबिरात राहतात. समन्स मात्र जुन्या पत्त्यावर जाते. ज्यांचे काही प्रकरण चालू आहे, त्यांनी नवा पत्ता आपल्या वकिलाला आणि न्यायालयाला लेखी कळवावा, सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही ठेवावा.

जाणे खरेच शक्य नसेल तर

आजारपण असते, बाळंतपण असते, हजची तारीख असते. न जाणे आणि कळवून न जाणे यांत फार फरक आहे. आरोपी असाल तर वकिलामार्फत त्या दिवसापुरती गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज देता येतो. नुसता दस्तऐवज मागितला असेल, तर दिवाणी न्यायालयात तो दुसऱ्याच्या हाती पाठवला तरी समन्साचे पालन होते. फार वृद्ध किंवा आजारी साक्षीदाराची साक्ष घरी जाऊन घेण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते. ज्या स्त्रिया रिवाजाप्रमाणे लोकांसमोर येत नाहीत, त्यांना दिवाणी न्यायालयात स्वतः हजर राहण्यापासून सूट देणारे कलम १३२ दिवाणी प्रक्रिया संहितेत १९०८ पासून आहे. पण या सगळ्या सवलती अर्ज करून, कारण सांगून मागायच्या असतात. घरी बसून राहिल्याने त्या मिळत नाहीत.

पोलिसांच्या चौकशीचा नियम वेगळा आहे. साक्षीदार म्हणून माहिती घेताना स्त्रियांना, १५ वर्षांखालील मुलांना, ६० वर्षांवरील पुरुषांना, अपंगांना आणि गंभीर आजारी माणसांना पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. हे अम्मींना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा निवांतपणा दिसला.

वकील परवडत नाही ही भीती मोठी असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुरुषांनाही ठरावीक मर्यादेपेक्षा उत्पन्न कमी असेल तर तो मिळतो. न्यायालयाच्या आवारात विधी सेवा कार्यालयाची चौकशी करावी किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

खोटे समन्स

आता खरे समन्स मोबाइलवरही येऊ शकते. २०१८ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस उघडून वाचल्याच्या निळ्या खुणा ग्राह्य धरल्या होत्या. नव्या संहितेनेही न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेले समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय केली आहे. म्हणून मोबाइलवर आले म्हणजे खोटेच, असे समजू नये.

पण याच वाटेने ठगही येतात. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, ‘तुमच्या नावे पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, पैसे भरा.’ डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. न्यायालय व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले आहे. शंका आली तर फोन ठेवून द्यावा. प्रकरणाचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या अॅपवर तपासावा, किंवा कागदाची छायाप्रत घेऊन थेट त्या न्यायालयात जावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करावा.

साक्षीचा दिवस

आमच्या प्रकरणाबद्दल थोडेच सांगता येईल. आमच्या शाळेत पूर्वी शिकलेल्या एका मुलीवर अत्याचार झाला होता. तिचे नाव, तिची वस्ती, काहीही सांगण्याची कायद्याने मनाई आहे आणि सांगूही नये. घटनेच्या वेळी ती १८ वर्षांखाली होती की नाही, हा प्रश्न होता. अशा वेळी शाळेतली जन्मतारखेची नोंद महत्त्वाची ठरते. मुख्याध्यापक निवृत्त झालेले, रजिस्टरचा ताबा आमच्याकडे.

खरे सांगायचे तर जाऊ नये असे आम्हालाही वाटले होते. नातेवाईक म्हणाले, ‘कोर्टाच्या भानगडीत पडू नका. आजारी असल्याचे कळवा.’ पण सूरह अल-बकरामध्ये उधारीच्या व्यवहाराची जी दीर्घ आयत आहे, ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. साक्षीदारांना बोलावले तर त्यांनी नकार देऊ नये, असे तिच्यात सांगितले आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्ष देणाऱ्याला त्रास होऊ नये, हेही त्याच आयतीत आहे. या दुसऱ्या गोष्टीसाठी कायद्यातही सोय आहे. साक्षीदाराला प्रवासाचा भत्ता मागता येतो, आणि कुणी धमकावत असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

साडेदहाला आम्ही पोहोचलो. समन्स, ओळखपत्र, मूळ रजिस्टर आणि नोंदीची साक्षांकित प्रत सोबत होती. पैरवीच्या हवालदाराला आल्याचे सांगितले. बाहेर लावलेल्या यादीत क्रमांक पाहिला. दुपारनंतर पुकारा झाला. सिनेमात दाखवतात तसा ग्रंथावर हात ठेवायला कुणी सांगितले नाही. खरे सांगण्याची शपथ घेतली, बस्स. नोंद उर्दूत होती. ती मोठ्याने वाचायला सांगितले, मग मराठीत अर्थ विचारला. बचावाच्या वकिलांनी विचारले, “ही तारीख तुमच्यासमोर लिहिली का?” आम्ही म्हणालो, “नाही. तेव्हा आम्ही या शाळेत नव्हतो. हस्ताक्षर कोणाचे तेही माहीत नाही.” जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे, हे आमच्या ओळखीच्या एका वकील भगिनीने आधीच बजावले होते. प्रत ठेवून घेऊन मूळ रजिस्टर आम्हाला परत मिळाले. शाळेसाठी हजेरीचे प्रमाणपत्र मागून घेतले. सगळे वीस मिनिटांत संपले.

बाहेरच्या बाकावर त्या मुलीची आई बसली होती. याआधीच्या दोन तारखा साक्षीदार न आल्यामुळे वाया गेल्या, असे ती शेजारच्या बाईला सांगत होती. दोन तारखा म्हणजे तिचे दोन रोज बुडाले होते आणि मुलीच्या दोन रात्री जागून गेल्या होत्या. त्यांतली एक तारीख कदाचित आमच्यासारख्याच कुणाच्या घरी ‘कोणी नव्हते’ म्हणून गेली असेल. तिने आम्हाला ओळखले. सलाम केला. आम्ही जवाब दिला आणि निघालो.

घरी आलो तर अम्मी दारातच उभ्या होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी जपून ठेवलेले ते समन्स मागितले, चष्मा लावला आणि ‘साक्षीदार’ हा शब्द बोटाने दाखवून वाचायला लावला. आता आमच्या दारामागे खिळ्याला एक वही आणि पेन टांगलेले असते. पोस्टमन असो, बेलीफ असो की पोलीस, अम्मी नाव आणि वेळ लिहून घेतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या घरी बँकेचा माणूस नोटीस घेऊन आला होता. घरात फक्त सून होती. आमच्या अम्मींनी पॅसेजमधून हाक मारली, “बेटी, घे तो कागद. तू आहेस ना घरात!”